सुलोचना लाटकर : पडद्यावरची आई आणि स्टुडिओतली कामकरी
(कोल्हापुरात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे केलेले भाषण)



४ जून २०२३ रोजी सुलोचना लाटकर यांचे मुंबईत निधन झाले. वय चौऱ्याण्णव. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले आणि बोलले गेले त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला, 'आई'. वात्सल्यमूर्ती, माउली, सोशीक, सात्त्विक अशी विशेषणे त्या शब्दाभोवती आपोआप जमा झाली. प्रेक्षकांचे प्रेम खोटे नसते; म्हणून त्या विशेषणांची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु एका बाईने पंधराव्या वर्षाच्या सुमारास कॅमेऱ्यापुढे उभे राहायला सुरुवात केली, पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यावर उपजीविका केली, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या श्रमाचा उल्लेख जवळजवळ कोणीच केला नाही, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याच्या नजरेतून सुटता कामा नये. घरातल्या बाईच्या कामाला 'माया' म्हटले की त्याचा हिशेब मांडण्याची गरज उरत नाही. पडद्यावरच्या बाईच्या बाबतीतही नेमके हेच घडले आहे.

कोल्हापुरात हा विषय काढायला दुसरेही निमित्त आहे. मराठी चित्रपटाचा धंदा याच गावात उभा राहिला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री' हा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आणला. त्याच्या अगोदर काही वर्षे दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटातली तारामती पुरुषाकडून करून घ्यावी लागली होती. बाबूरावांनी 'सैरंध्री'मध्ये गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना घेतले. पण पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. 'बाई'ची 'देवी' केल्याशिवाय सभ्य प्रेक्षकाला तिच्याकडे पाहता येत नव्हते. पुढे १९२९ मध्ये प्रभात कंपनी येथेच निघाली, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' येथेच तयार झाला आणि त्यात दुर्गा खोटे या उच्चभ्रू घरातल्या, शिकलेल्या बाई तारामती झाल्या. तेव्हापासून कुलीन स्त्रीने चित्रपटात काम करावे की नाही यावर महाराष्ट्रात भरपूर शाई खर्ची पडली. जिला काम केल्याशिवाय गत्यंतरच नव्हते अशा बाईविषयी मात्र हा वाद कधी झाला नाही. तिची प्रतिष्ठा वादाला घेण्याइतकी मोठी कोणाला वाटलीच नव्हती.

सुलोचनाबाई या दुसऱ्या वर्गातल्या. ३० जुलै १९२८ रोजी बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातील खडकलाट या गावी त्यांचा जन्म झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्नाच्या नकाशावर या गावांची नावे आली. पण ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळात खडकलाटच्या माणसाला बाजार, वकील, दवाखाना आणि नोकरी या सगळ्यांसाठी कोल्हापूर हेच मोठे गाव होते. शिक्षण नावापुरतेच झाले. चौदाव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले आणि त्या कोल्हापुरात आल्या. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स ही कंपनी तेव्हा येथे होती. १९४३ च्या 'चिमुकला संसार' या चित्रपटात त्यांना लहानसे काम मिळाले. त्याच कंपनीत, त्याच सुमारास, वडील गेल्यामुळे घर चालवण्यासाठी आलेली आणखी एक मुलगी छोटी छोटी कामे करीत होती. तिचे नाव लता मंगेशकर. दोन पोरसवदा मुली, दोघींना मासिक पगाराची निकड. पुढच्या इतिहासाने एकीला गानसम्राज्ञी केले आणि दुसरीला आई केले. १९४३ साली मात्र दोघी पगारदार होत्या.

सीमाभागातली, कानडी वळणाची खेडवळ बोली घेऊन आलेल्या या मुलीला स्टुडिओत अर्थातच अडचण पडली. त्या काळचा चित्रपट शुद्ध मराठीचा भोक्ता होता, आणि शुद्ध म्हणजे पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतली मराठी. प्रफुल्ल पिक्चर्सने मुंबईला स्थलांतर केल्यावर त्या भालजी पेंढारकरांकडे आल्या आणि त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले. 'सुलोचना' हे नावही भालजींनीच दिले. पुन्हा एकदा नाव बदलले, हे ध्यानात घ्यावे. (या नावाची मुंबईच्या मूकपटांत एक गाजलेली नायिका होऊन गेली होती, रूबी मायर्स हे तिचे मूळ नाव. शिवाय लावणीगायिका सुलोचना चव्हाण या वेगळ्याच. तिन्ही सुलोचनांची गल्लत अजूनही होते.) भालजींची राजकीय मते हिंदुत्वाकडे झुकलेली होती आणि समाजवाद्यांशी त्यांचे जुळण्यासारखे फारसे नव्हते. तरी त्यांच्या जयप्रभा स्टुडिओत वाढलेल्या माणसांनी त्यांना जन्मभर 'बाबा' म्हटले, ही वस्तुस्थिती आहे. उच्चार, चालणे, उभे राहणे, नऊवारी सावरून घोड्यावर बसणे, संवाद पाठ न करता समजून घेणे, असे सगळे तेथे शिकवले जाई. भालजींच्या 'महारथी कर्ण', 'वाल्मिकी' या चित्रपटांत लहान कामे करीत करीत त्या १९४६ च्या 'सासुरवास'मध्ये नायिका झाल्या.

कंपनी पद्धत कशी होती हे आजच्या कार्यकर्त्यांना सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयी दोन टोकांच्या कल्पना प्रचलित आहेत. नट, नटी, रंगारी, सुतार, शिंपी, प्रयोगशाळेतला कामगार, सगळे मासिक पगारावर. चित्रीकरण असो वा नसो, सकाळी स्टुडिओत हजर व्हायचे. मोठ्या भूमिकेतली नटी दुसऱ्या चित्रपटात गर्दीत उभी राही. मालक म्हणजे घरातला कर्ता. यात माया होती, शिस्त होती, आणि सरंजामी धाकही होता. मालकाच्या मर्जीपलीकडे दाद मागण्याची सोय नव्हती. परंतु महिन्याच्या अखेरीस ठराविक रक्कम हातात पडे आणि काम शिकायला अवधी मिळे. ही पद्धत मोडल्यावर आलेल्या कंत्राटी व्यवस्थेत माया गेली, शिस्तही गेली आणि मालकाचा धाक मात्र निर्मात्याच्या नावाने टिकून राहिला. शिकाऊ मुलीला पगार देऊन शिकवण्याची जबाबदारी कोणावरच उरली नाही. साखर कारखान्यांच्या आणि गिरण्यांच्या कामगारांना हा बदल पुढे ज्या रूपात सोसावा लागला, तो चित्रपटधंद्याने बराच आधी अनुभवला होता.

कोल्हापुरात हे मोडणे एका रात्रीत घडले म्हटले तरी चालेल. जानेवारी १९४८ च्या अखेरीस गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. 'मीठभाकर' या चित्रपटाचे तयार झालेले काम आगीत गेले. भालजींनी तो पुन्हा नव्याने उभा केला आणि १९४९ मध्ये तो प्रदर्शित झाला. गांधीजींच्या खुन्यांविषयी समाजवाद्यांच्या मनात जो संताप होता त्याविषयी शंका नको. पण त्या संतापाच्या नावाखाली जे पेटवले गेले त्याची झळ कोणाला लागली हेही पाहिले पाहिजे. मालकाचे मोठे नुकसान झाले, आणि त्याबरोबर शेकडो हातांचा रोजगार राख झाला. त्यांतले बहुतेक हात याच शहराच्या तालमी-पेठांतल्या बहुजन घरांतले होते. सुलोचनाबाईंना पुण्याची वाट धरावी लागली. 'जीवाचा सखा' हा १९४८ चा चित्रपट त्यांनी पुण्यात केला.

पुण्याने त्यांना कीर्ती दिली. 'स्त्रीजन्मा ही तुझी कहाणी' आणि विशेषतः १९५३ चा 'वहिनींच्या बांगड्या' यांनी त्या घराघरांत पोचल्या. शांताराम आठवल्यांच्या या चित्रपटात दिराला पोटच्या मुलासारखी माया लावणारी वहिनी त्यांनी उभी केली. पुढे 'मोलकरीण' (१९६३) या चित्रपटात पोटच्या मुलाच्याच घरी ओळख न देता धुणीभांडी करणारी आई आली. हुंदका, पदर, डोळ्यांतले पाणी आणि अखेरीस कुटुंबाची दिलजमाई, हा या चित्रपटांचा साचा.

पुरोगामी मंडळींनी या साच्याला 'रडके चित्रपट' म्हणून नाके मुरडली. टीका निराधार नव्हती. सोसणे हाच स्त्रीचा धर्म, असे सांगणारी ही चित्रकथा सोसायला लावणाऱ्याला कधीच जाब विचारीत नव्हती. पण टीकाकारांनी दोन गोष्टी पाहिल्या नाहीत. तंबूत, जत्रेत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये पदराने डोळे पुसत बसलेल्या बायका मूर्ख नव्हत्या. आपले कष्ट कोणीतरी मोठ्या पडद्यावर, एवढ्या सन्मानाने, एवढ्या जवळून पाहण्यासारखे मानले, हेच त्यांना प्रथमच अनुभवायला मिळत होते. आणि दुसरे असे की आईच्या या प्रतिमेची जडणघडण केवळ भाबड्या चित्रपटवाल्यांनी केली नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'वरून आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तेही याच १९५३ च्या चित्रपटांतून. महाराष्ट्रातल्या समाजवादी चळवळीने मातृत्वाच्या प्रतिमेतून सेवेची आणि समतेची शिकवण घेतली. पण ती आई स्वतः काय कमावते, तिच्या नावावर काय आहे, हा प्रश्न त्या चळवळीनेही बराच काळ बाजूला ठेवला. तेव्हा दगड मारताना आपल्याही घराच्या काचा तपासाव्यात.

साचा एवढा घट्ट असूनही सुलोचनाबाईंच्या कारकिर्दीत अशा भूमिका आल्या की ज्यांची दखल चळवळीने घ्यावी. १९५४ मध्ये अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला. बाबूराव पेंढारकर जोतिराव झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले; पण पदकापेक्षा महत्त्वाचे हे की सावित्रीबाईंचे नाव तेव्हा पाठ्यपुस्तकांत नव्हते, चौकांत त्यांचे पुतळे नव्हते, जयंत्या नव्हत्या. त्या काळात सामान्य मराठी प्रेक्षकाला पडद्यावर सावित्रीबाईंचा चेहरा दिसला तो खडकलाटहून आलेल्या, स्वतः शाळेत फारसे जाऊ न शकलेल्या या नटीचा. १९६१ च्या 'प्रपंच'मध्ये त्या कुंभाराच्या संसारातली पोरवड्याने पिचलेली बाई झाल्या आणि त्यांच्यासमोर होते शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या आवाजाने हलवून सोडणारा कम्युनिस्ट शाहीर आणि भालजींच्या तालमीत तयार झालेली नटी एका चाकाशी बसून मडकी घडवणाऱ्या घराची कथा सांगतात. अशी गाठ त्या काळच्या मराठी चित्रपटातच पडू शकली.

आणि 'सुजाता'. बिमल रॉय यांचा हा १९५९ चा हिंदी चित्रपट. ब्राह्मण इंजिनियराच्या घरी एक अस्पृश्य अनाथ मुलगी वाढते. घरची बाई चारू तिला खाऊ-पिऊ घालते, नीट वागवते. मात्र पाहुण्यांना ओळख करून देताना 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. त्या एका 'सारखी'त भारतातल्या सुशिक्षित, सभ्य, मारहाण न करणाऱ्या जातिभेदाचे सारे रूप सामावले आहे. चारूची भूमिका सुलोचनाबाईंनी केली. नूतनच्या सुजातेचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच आहे. पण अवघड काम चारूचे आहे. प्रेक्षकाला तिचा राग यावा, तरी तिच्यात त्याला आपली आई, आपली काकू, आपण स्वतः दिसावे. ती खलनायिका झाली असती तर प्रेक्षक सुटला असता. सुलोचनाबाईंनी तिला प्रेमळ ठेवले, आणि त्यामुळेच तो सुटत नाही. अखेरीस चारूला रक्ताची गरज पडते आणि ते सुजाताचे निघते, ही तोड भाबडी आहे हे खरे. रक्ताच्या बाटलीने जात जात नाही, हे गेल्या सहा दशकांनी पुरेसे दाखवून दिले आहे. पण चारूच्या चेहऱ्यावरचा तो संकोच, मुलीला जवळ घेता घेता मागे येणारा तो हात, अस्पृश्यतानिवारणाच्या कित्येक व्याख्यानांना जे साधले नाही ते सांगून जातो. सावित्रीबाई आणि चारू, एकाच प्रश्नाच्या दोन टोकांवरच्या दोन स्त्रिया, पाच वर्षांच्या अंतराने एकाच नटीने केल्या.

'सुजाता' आणि त्याच वर्षीचा 'दिल देके देखो' यांपासून हिंदीने त्यांना आई ठरवले. तेव्हा त्यांचे वय एकतीस. येथे थोडा हिशेब मांडू. 'दिल देके देखो'मध्ये त्या शम्मी कपूरच्या आई आहेत; शम्मी कपूरचा जन्म १९३१ चा, म्हणजे आई मुलापेक्षा तीन वर्षांनी मोठी. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये तर आकड्यांनी शरणागतीच पत्करली आहे. त्यात सुलोचनाबाईंचे दोन मुलगे, एक देव आनंद आणि दुसरा प्राण. देव आनंद जन्मले १९२३ मध्ये, प्राण १९२० मध्ये, आणि त्यांची आई १९२८ मध्ये! थोरला मुलगा आईपेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याच चित्रपटात सत्तेचाळिशीतल्या नायकाची नायिका होती बाविशीच्या आतबाहेरची हेमा मालिनी. प्रेक्षकांना यात काही वावगे वाटले नाही. पुरुषाचे तारुण्य भांडवल म्हणून जपले जाते आणि स्त्रीचे तारुण्य कच्च्या मालासारखे वापरून संपवले जाते, याचे याहून उघड उदाहरण शोधून सापडायचे नाही. बिडीच्या कारखान्यातल्या बाईची बोटे चाळिशीत मंदावली की तिची मजुरी घटते. नटीचा चेहरा तिशीत 'आई'चा ठरतो आणि तिचे नाव श्रेयनामावलीत खाली सरकते. नंतरही 'कटी पतंग', 'मजबूर' असे चित्रपट येत राहिले, काम कमी पडले नाही. परंतु ते एकाच पांढऱ्या लुगड्यातले काम होते.

हे सारे सुलोचनाबाईंनी तक्रार न करता केले, असे कौतुकाने सांगितले जाते. त्यांच्याच पिढीतल्या, जयप्रभाच्या परिसराशी परिचित असलेल्या हंसा वाडकर यांनी तक्रार केली. १९७० मध्ये 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि लहानपणापासून घरच्यांच्या पोटासाठी राबणारी, स्वतःच्या कमाईवर हक्क नसलेली नटी महाराष्ट्राने प्रथमच वाचली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला. सभ्य समाजाने हंसाबाईंच्या पुस्तकातले चटकदार तेवढे उचलले आणि सुलोचनाबाईंच्या आयुष्यातले सोशीक तेवढे. एकीला बदनाम करून आणि दुसरीला देव्हाऱ्यात बसवून दोघींचेही वेतनपत्रक दृष्टीआड केले गेले. ज्या नटीने वादळ उठवले नाही तिचे आयुष्य सुरळीत होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पंधराव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलीने चारित्र्याविषयी एक शब्द निघू न देता या धंद्यात सारी हयात काढली, यासाठी तिला रोज किती सावध राहावे लागले असेल याची कल्पना बायांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्तीला सहज येईल.

कायद्याची गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईतल्या चित्रपट कर्मचाऱ्यांच्या संघटना १९५० च्या दशकात एकत्र आल्या. पण लेखी करारावाचून चित्रपट कामगाराला कामावर ठेवता येणार नाही, हे संसदेने म्हटले ते १९८१ च्या सिने कामगार कायद्यात. तोवर सुलोचनाबाईंची जवळजवळ चाळीस वर्षे कामात गेली होती. त्याच वर्षी कल्याणनिधीचाही कायदा झाला. शब्द, विश्वास, वडीलधाऱ्यांचा आधार यांवर जे चालले होते त्याला कागद आला, पण कागद फाटक आत येईपर्यंत. आत काय चालते ते रोजंदारीवरच्या नृत्यांगनेला किंवा गर्दीतल्या बाईला विचारावे. २०२० च्या कामगार संहितेत हा १९८१ चा कायदा विरघळवण्याची तरतूद झाली, तेव्हा त्यावर किती चित्रपट कलावंत बोलले? मोठे नट तर नाहीतच.

मानसन्मान उशिरा का होईना मिळाले. १९९९ मध्ये पद्मश्री, २००९ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार. नट्यांच्या वाट्याला असे सन्मान कमी येतात, त्या मानाने सरकारने चांगले केले.

राहता राहिला जयप्रभा. संस्थानच्या काळात १९३४ च्या सुमारास कोल्हापूर सिनेटोन म्हणून उभा राहिलेला हा स्टुडिओ पुढे भालजींचा झाला आणि नंतर लता मंगेशकरांच्या मालकीत गेला. त्याची जागा विकू द्यायची की नाही यावर या शहराने वर्षानुवर्षे भांडण केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये, लताबाईंच्या निधनानंतर काही दिवसांतच, हा व्यवहार दोन वर्षांपूर्वीच होऊन गेल्याचे उघडकीस आले. कलावंत आणि तंत्रज्ञ स्टुडिओच्या दाराशी साखळी उपोषणाला बसले. वर्तमानपत्रांनी ऐतिहासिक वास्तूविषयी लिहिले, भालजींविषयी लिहिले, लताबाईंविषयी लिहिले. उपोषणाला बसलेल्यांत मेकअप करणारे होते, कपडेपट सांभाळणारे होते, गर्दीत उभे राहून दिवस भरणारे होते. वारसा वाचवा म्हणून ते बसले होते खरे. पण त्यांच्यातल्या बहुतेकांचे मागणे याहून साधे होते. या गावात चित्रीकरण चालू राहावे आणि कामासाठी मुंबईची गाडी धरावी लागू नये. १९४८ च्या आगीनंतर पुण्याची गाडी धरणाऱ्या वीस वर्षांच्या सुलोचनाला ते मागणे लगेच कळले असते.